डॉ. सलीम अली : पाणथळीचा हिशेब ठेवणारा माणूस

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात एका दगडी फलकावर जुन्या शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. पाहुणा कोण, तारीख कोणती, बंदुका किती आणि पक्षी किती, असा तो सरळ हिशेब. त्यातला सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ या दिवसाचा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या त्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडण्यात आले. योगायोग असा, की ज्या माणसामुळे पुढे याच तळ्यावरचा हिशेब मेलेल्या पक्ष्यांऐवजी जिवंत पक्ष्यांचा होऊ लागला, त्याचा त्या दिवशी बेचाळिसावा वाढदिवस होता. त्या माणसाचे नाव सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्र हरपले. निपुत्रिक मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरात या मुलांना वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता, त्यामुळे भाच्याच्या हाती खेळण्यातली छर्‍याची बंदूक लवकर आली आणि घराभोवतीच्या चिमण्या हे तिचे पहिले लक्ष्य ठरले.

अशाच एका दिवशी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती नेहमीची चिमणी नव्हती, आणि ती खाण्यास योग्य आहे की नाही, हाही प्रश्न होता. मामांनाही ती ओळखता आली नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. चिठ्ठी देऊन त्यांनी भाच्याला संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. हे साल होते १९०८. गोऱ्या साहेबाच्या कचेरीत पाऊल टाकताना त्या मुलाच्या छातीत धडधड झाली असेल, तर नवल नाही. मिलार्ड यांनी मात्र चिमणी ओळखून दिलीच, शिवाय कपाटाचे खण उघडून संस्थेने जतन केलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले आणि पक्ष्याची कातडी जपून ठेवण्याची पद्धत शिकण्याची व्यवस्थाही करून दिली. त्या खणांतील प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असे. तो कोठे मिळाला, केव्हा मिळाला, नर की मादी, कोणी मिळवला, एवढे तीवर लिहिलेले असे. चिठ्ठी नसलेला पक्षी कितीही देखणा असला, तरी शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी. हा धडा सलीम अली आयुष्यभर विसरले नाहीत.

पुढची वीस वर्षे मात्र अडखळत गेली. सेंट झेवियर्स महाविद्यालयात मन रमले नाही. १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशातील तव्हाय येथे कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात लक्ष घालण्यासाठी गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलातच त्यांचे अधिक लक्ष असे. १९१७ मध्ये परत आल्यावर त्यांनी दावर यांच्या वाणिज्य महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि जमाखर्च यांचे शिक्षण घेतले. त्याच काळात फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकले. १९१८ मध्ये तेहमीना यांच्याशी विवाह झाला. धंदा पुढे बुडाला. जमाखर्चाचे शिक्षण व्यापारात कितपत उपयोगी पडले ते सांगणे कठीण आहे. पाखरांच्या बाबतीत मात्र त्यांची वही कधी कच्ची राहिली नाही.

पक्षितज्ज्ञ म्हणून सरकारी नोकरी मिळावी, हा त्यांचा प्रयत्न विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे फसला. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकांना माहिती देणाऱ्या गाइड लेक्चररची जागा मिळाली. दोन वर्षांत तिचा कंटाळा आला आणि अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे गेले. स्ट्रेझेमान यांनाच ते पुढे आयुष्यभर गुरू मानत आले. जर्मनीतल्या मुक्कामात उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. स्थलांतराच्या वाटेवर उतरलेले पक्षी तिथे पकडले जात, त्यांच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे अडकवले जाई आणि त्यांना पुन्हा सोडून दिले जाई. मिलार्ड यांच्या खणांतल्या मेलेल्या पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी इथे जिवंत पक्ष्याच्या पायात आली होती.

१९३० मध्ये ते मुंबईत परतले तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. पदरी जर्मनीतले शिक्षण, हाती काम नाही. शहरात राहण्याचा खर्च परवडेना, म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठच्या घरात राहावयास गेले. तिथे घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार माणसाजवळ वेळ भरपूर असतो. सलीम अली यांनी तो वेळ त्या झाडासमोर बसून घालवला.

मराठीने या पक्ष्याला सुगरण असे नाव देऊन घरटे विणण्याचे सारे श्रेय मादीला देऊन टाकले आहे. किहीमच्या झाडाखालील नोंदींतून वेगळे चित्र पुढे आले. घरटे विणतो तो नर. ते अर्धेमुर्धे झाले, की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले, तर ती तिथे संसार थाटते आणि नर उरलेले काम पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली, की हा गृहस्थ शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. घरटे नापसंत झाले, तर ते तसेच अर्धवट लोंबकळत राहते. वर्षानुवर्षे लोक अशी अर्धवट घरटी पाहत होते आणि त्यांच्याबद्दल नाना तर्क करीत होते. कोणते घरटे कोणत्या दिवशी किती विणून झाले, ते रोज लिहून ठेवण्याची तसदी मात्र त्याआधी फारशी कोणी घेतली नव्हती. हा अभ्यास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पदवी नसलेल्या या माणसाचे नाव परदेशातील तज्ज्ञांच्या परिचयाचे झाले.

त्यानंतरची वर्षे संस्थानांच्या पक्षी-सर्वेक्षणांची. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकामागून एक संस्थाने त्यांनी पालथी घातली. पगार मागायचा नाही, फक्त प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च संस्थानाने द्यायचा, अशी त्यांची तयारी असे. उंची राहणीत वाढलेल्या तेहमीना बैलगाडीच्या प्रवासात आणि तंबूतल्या मुक्कामांत बरोबर राहिल्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे आकस्मिक निधन झाले. सलीम अली यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कमू आणि मेहुणे यांच्या घरी ते राहू लागले आणि पूर्ण वेळ कामाला वाहून घेतले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि त्याने या देशात दुर्बीण घेऊन हिंडणारी एक पिढीच निर्माण केली. या पुस्तकाबद्दल आजवर इतके लिहिले गेले आहे, की इथे तेवढा उल्लेख पुरे.

आता भरतपूरकडे वळू. केवलादेवचे जलाशय निसर्गाने जसेच्या तसे घडवलेले नाहीत. मुळात तो एक खोलगट भाग. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात जवळच अजान बांध बांधला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने या खोलगट भागात छोटे बांध घालून, झडपा बसवून, कालव्याने अजान बांधाचे पाणी आत घेण्याची सोय केली. पावसाळ्यात पाणी भरायचे, हिवाळाभर ठेवायचे आणि उन्हाळ्यात आटू द्यायचे, अशी ही रचना. हेतू एकच होता, बदकांची शिकार. जेमतेम २९ चौरस किलोमीटरच्या या जागेत साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. पावसाळ्यात बाभळींवर चित्रबलाक, करकोचे, बगळे, पाणकावळे यांच्या घरट्यांची दाटी होते. थंडीत सायबेरिया आणि मध्य आशियातून तलवार बदके, थापटे, चक्रवाक, पट्टकादंब येऊन उतरतात. शिवाय नीलगायी, सांबर, चितळ, कासवे आणि हिवाळ्यात बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडणारे अजगर आहेतच.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि हे तळे टिकते की जाते, असा प्रसंग आला. आसपासच्या शेतकऱ्यांना जमीन हवी होती, पाणी हवे होते. राजाच्या बंदुकीसाठी राखलेली जागा नांगराखाली आली, तर त्यात गैर ते काय, असे त्यांचे म्हणणे होते. देशात अन्नधान्याची टंचाई असताना ते खोडून काढणे सोपे नव्हते. सलीम अली यांनी हा विषय थेट पंतप्रधान पंडित नेहरूंपर्यंत नेला. नेहरूंना स्वतःला पक्ष्यांची आवड होती आणि सलीम अली यांच्या शब्दाला त्यांच्याकडे वजन होते. तळे वाचले. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. मात्र राजघराण्याचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत शाबूत राहिला. मधल्या काळातील भरतपूरचे चित्र त्यामुळे मोठे विलक्षण होते. त्याच पाण्यावर कधी बंदुकांचे बार उडत आणि कधी सोसायटीच्या माणसांची जाळी लागत.

ती जाळी लागली ती एका रोगामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडली. हा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो, असे आढळले. सायबेरियातील एका रोगाच्या विषाणूशी त्याचे साम्य असल्याने स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरून गोचिडी इकडे आल्या की काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेला याचा छडा लावायचा होता. त्यासाठी पक्षी पकडणे, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा करणे आणि ते कोठून येतात हे समजण्यासाठी त्यांना कडी घालणे आवश्यक होते. पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास भारतात व्हावा, ही सलीम अली यांची इच्छा अनेक वर्षे पैशांअभावी अडून होती. ती अशा अनपेक्षित वाटेने पूर्ण झाली.

काम दिसावयास सोपे, करावयास चिवट. बिहारमधील मीरशिकार जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून उपजीविका करीत आले होते. कोणता पक्षी कोणत्या वेळी कोठे उतरतो, पंखाला इजा न होता तो हाती कसा घ्यावा, याचे त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. संस्थेने त्यांनाच कामावर घेतले. रात्री आणि पहाटे पकडलेले पक्षी तंबूत आणले जात. जात, नर-मादी, वय, वजन, पंखांची लांबी, पिसे झडण्याची अवस्था, सारे वहीत उतरवले जाई. मग पायात ॲल्युमिनियमचे कडे घालून त्याचा क्रमांक लिहिला जाई आणि पक्षी सोडला जाई. कड्यावर क्रमांकाखेरीज मुंबईच्या संस्थेला कळवण्याविषयीचा मजकूर असे. हजारो कड्यांपैकी फार थोड्यांची वार्ता परत येते. पण जी येत, ती लाखमोलाची असे. भरतपूरला कडे घातलेले बदक काही महिन्यांनी सोव्हिएत संघात कोण्या शिकाऱ्याच्या हाती लागे, तो मुंबईला पत्र धाडी आणि नकाशावर दोन ठिपके जोडले जात.

या कामावर पुढे मोठे वादळ उठले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनंतर खर्चाचा मोठा भाग अमेरिकी लष्कराशी संबंधित संशोधन योजनेतून आला होता. सत्तरच्या दशकात वृत्तपत्रांतून आणि संसदेत त्यावर प्रश्न विचारले गेले. पक्ष्यांच्या आडून जंतुयुद्धाची तयारी चालली आहे, असा संशय व्यक्त झाला. सलीम अली यांनी त्याचा ठाम इन्कार केला आणि सर्व माहिती शास्त्रीय व उघड असल्याचे ते सांगत राहिले. संशय घेणाऱ्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. तो काळच तसा होता. आज मागे पाहता एवढे दिसते, की क्यासनूरचा रोग हा पश्चिम घाटातील जंगलांत मूळ धरून असलेला रोग म्हणून ओळखला जातो आणि त्या संशयाच्या निमित्ताने जमलेल्या वह्या हा भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराविषयीच्या ज्ञानाचा पाया ठरला आहे.

या वह्यांची खरी कसोटी पुढेच होती. १९८० मध्ये सोसायटीने भरतपूर येथे दहा वर्षे चालणारा परिसर-अभ्यास सुरू केला. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्याकडे त्याची सूत्रे होती. केवळ पक्षी मोजून भागणार नव्हते. पाण्याची खोली, त्यातील वनस्पती, कीटक, मासे, सरपटणारे प्राणी, सस्तन प्राणी, सर्वांची वर्षानुवर्षे नोंद घ्यायची होती. इकडे १९८१ मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून केवलादेवची नोंद झाली आणि लवकरच ते राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात गुरे चरता कामा नयेत, असा कायदा. भरतपूरच्या पाण्यात आणि काठावर तर आसपासच्या गावांच्या सुमारे अडीच हजार म्हशी व गायी चरत होत्या. ही गुरे पक्ष्यांना उपद्रव देतात, त्यांना बाहेर काढले पाहिजे, हे मत सलीम अली यांचेही होते आणि त्या वेळच्या बहुतेक निसर्गरक्षकांचेही. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईबंदी अमलात आली. गावकऱ्यांना पर्यायी कुरणे मिळाली नव्हती. ते उद्यानात घुसू लागले, पोलिसांशी संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांचा त्यात बळी गेला.

ज्या पाण्यावर एकेकाळी शिकारीच्या हौसेसाठी बार उडाले, त्याच पाण्याच्या काठी संरक्षणाच्या नावाखाली माणसांवर गोळ्या चालल्या, ही गोष्ट सलीम अली यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. अनेक गौरवलेखांतून ती वगळली जाते. गोळीबाराचा हुकूम त्यांचा नव्हता, बंदी सरकारची होती. पण त्या बंदीमागे जे तज्ज्ञांचे मत उभे होते, त्यात त्यांच्या नावाचे वजन होतेच.

आणि मग वह्या बोलू लागल्या. गुरे गेल्यानंतर दोन-तीन हंगामांतच पास्पालम नावाचे पाणगवत बेसुमार वाढले. आतापर्यंत म्हशी ते खाऊन, तुडवून आटोक्यात ठेवीत होत्या. आता त्याने उघडे पाणी झाकून टाकले. गवताच्या जाड थराखाली माशांना जागा उरेना आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांना शिकार मिळेना. उघड्या पाण्यावर उतरणारी बदके आणि हंस यांना उतरावयास जागा कमी पडू लागली. साचलेल्या वाळक्या गवतामुळे वणव्याचाही धोका वाढला. अभ्यास सुरू झाला तो बंदीच्या आधी, त्यामुळे आधीची आणि नंतरची स्थिती दोन्ही कागदावर होत्या आणि तुलना करता येत होती. दहा वर्षांच्या अंती संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जो निष्कर्ष काढला, तो संस्थेच्याच पूर्वीच्या मताच्या विरुद्ध होता. या पाणथळीला माफक चराईची गरज आहे. सरसकट बंदीने तिचे नुकसान झाले. गवत कापून नेण्यास गावकऱ्यांना मुभा देण्यात आली, पण म्हैस जे काम दिवसभर पाण्यात उभी राहून करीत होती, ते विळ्याने पुरे होत नाही, हेही दिसून आले.

पुरा अहवाल तयार झाला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. अखेरच्या वर्षांत मानसन्मान भरपूर आले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले होते. डिलन रिप्ली यांच्यासमवेत लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला होता. १९७५ मध्ये मिळालेले पॉल गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या निधीला देऊन टाकले. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी केवलादेवला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. प्रोस्टेटच्या कर्करोगाने २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय नव्वद.

त्याच १९८७ मध्ये आशियाई पाणपक्षी गणनेला आरंभ झाला. दर जानेवारीत आशियातील पाणथळींवर एकाच सुमारास पक्षी मोजले जातात. भारतातील या गणनेच्या कामात त्यांची संस्था अग्रभागी राहिली आणि पगारी शास्त्रज्ञांच्या बरोबरीने हौशी मंडळी पहाटे उठून, दुर्बीण व वही घेऊन तळ्याकाठी जाऊ लागली. महाराष्ट्राचे भरतपूर म्हणून ओळखले जाणारे नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले, ठाणे खाडीलाही २०२२ मध्ये तो दर्जा मिळाला. अशा मान्यतेसाठी पक्ष्यांच्या संख्येचा वर्षानुवर्षांचा पुरावा लागतो. तो सरकारी दप्तरात आपोआप तयार होत नाही.

भरतपूरच्या वह्यांत एक रकाना सायबेरियन क्रौंचाचा आहे. पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा हा पक्षी हजारो किलोमीटरचे अंतर कापून हिवाळ्यात इथे येत असे. पाण्यातले कंद खाऊन राहत असे. १९६४-६५ च्या हिवाळ्यात त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. त्यानंतर ती दर दशकात घटत गेली. स्थलांतराच्या वाटेवर होणारी शिकार, मुक्कामाच्या जागांचा नाश आणि भरतपूरमधील बदललेले पाणी व गवत, अशी त्याची कारणे सांगितली जातात. १९९३ च्या हिवाळ्यात अवघे पाच क्रौंच आले. २००२ मध्ये शेवटची जोडी दिसली. तिच्यानंतर सायबेरियन क्रौंच भरतपूरला उतरलेला नाही.